ऋण आणि मालकी

जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागें एक लहानशी ओळ छापलेली असे: ‘सर्व हक्क स्वाधीन’. कांहीं कर्ते याहून अधिक सावध असत. या पुस्तकासंबंधीं सर्व हक्क कर्त्यानें आपणाकडे ठेविले आहेत, असें ते स्पष्ट बजावीत. घरच्या कपाटांतील पुस्तकांवर ही ओळ आम्हीं शेंकडों वेळां पाहिली आणि तिचा अर्थ काय असेल असें एकदांहि मनांत आणिलें नाहीं. आतां ग्रंथ कपाटांतून संगणकाच्या पडद्यावर आले, आणि त्या ओळीची जागा एका लांबलचक सूचनेनें घेतली. प्रबंधांचें, कोशांचें वा हस्तलिखितांचें कोणतेंहि ऑनलाइन भांडार उघडलें तर तळाशीं ती सांपडते: मजकूर अमुक अटींवर वापरावा, वापरतांना मूळ कर्त्याचें व भांडाराचें नांव अमुक रीतीनें द्यावें, व्यापारासाठीं वापरावयाचा असल्यास लेखी परवानगी घ्यावी. विद्यार्थी ही सूचना वाचीत नाहींत हें सांगावयास नकोच; प्राध्यापकहि वाचीत नाहींत हें सांगावयास थोडें धैर्य लागतें. परंतु या दोनतीन वाक्यांत नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो कधींच सुटला आहे अशा समजुतीनें आपण चाललों आहों.

या सूचनेंत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक परवानगी आणि दुसरी नामोल्लेख. परवानगी मालकाची घ्यावयाची असते. उल्लेख धनकोचा करावयाचा असतो. मालक आणि धनको पुष्कळदां एकच असतात, म्हणून हीं दोन कर्तव्यें एकच आहेत असें वाटूं लागतें. एखाद्यानें जिवंत लेखकाचें सबंध प्रकरण आपल्या पुस्तकांत उतरविलें आणि खालीं त्याचें नांव प्रामाणिकपणें दिलें, तर त्याला कोणी वाङ्मयचोर म्हणणार नाहीं. तथापि त्यानें दुसऱ्याच्या कुंपणांत पाय टाकलेला असतो. उलट, शंभर वर्षांपूर्वींच्या ग्रंथांतील दोन पानें कोणी नांव न देतां घेतलीं, तर त्यानें कोणाचेंहि कुंपण ओलांडलेलें नसतें, आणि तरीहि तो चोरच असतो. पहिल्यानें मालकी मोडली पण ऋण मानलें. दुसऱ्यानें मालकीला धक्का लावला नाहीं पण ऋण बुडविलें. ‘खालीं नांव दिलें आहे ना, मग झालें’ आणि ‘कॉपीराइट संपला आहे ना, मग झालें’ हीं दोन वाक्यें आमच्या महाविद्यालयीन जगांत सारख्याच निश्चिंतपणें उच्चारलीं जातात. दोन्ही सारखींच चुकीचीं आहेत.

मालकीचा इतिहास आपल्याकडे फार लांबचा नाहीं. कंपनी सरकारच्या अमदानींत १८४७ सालीं ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा झाला. १९१४ सालीं विलायतचा कायदा थोड्या फेरफारानें येथें लागू झाला. स्वतंत्र हिंदुस्थानानें १९५७ सालीं आपला कायदा केला आणि तो पुढल्या वर्षाच्या जानेवारींत अमलांत आला. कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षें ही मुदत होती. ती साठ झाली याचें कारण रवींद्रनाथ. ते १९४१ सालीं निवर्तले. १९९१ संपतांच त्यांचे ग्रंथ सर्वांना मोकळे होणार होते. तेव्हां ते विश्वभारतीच्या हातून जाऊं नयेत म्हणून मुदत दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली, आणि त्या एका कवीच्या पुण्याईनें देशांतील यच्चयावत् लेखकांच्या वारसांना दहा वर्षांची प्राप्ति झाली. जी गोष्ट एका वटहुकुमानें दहा वर्षें लांबवितां येते, ती नीतीच्या सनातन तत्त्वांपैकीं नव्हे, हें यावरूनच उघड होतें. मालकी ही सोय आहे. लेखकाला जगतां यावें, प्रकाशकाला छापण्याचें साहस करतां यावें, एवढ्यासाठीं समाजानें कांहीं काळ दिलेला तो मक्ता आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील छायाप्रतींच्या एका दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनीं २०१२ सालीं दावा लाविला होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं तो फेटाळतांना ग्रंथस्वामित्व हा दैवी किंवा निसर्गसिद्ध हक्क नव्हे, असाच अभिप्राय तेथील उच्च न्यायालयानें दिला. शिक्षकानें आणि विद्यार्थ्यानें अध्यापनाच्या ओघांत केलेल्या प्रती कायद्याच्या ५२ व्या कलमांतच मोकळ्या ठेविल्या आहेत. डिसेंबरांत खंडपीठानेंहि तें तत्त्व उचलून धरलें आणि २०१७ सालीं प्रकाशकांनीं दावा सोडून दिला. ज्या गांवांत पुस्तकाचें दुकान म्हणजे वह्या आणि गाइडें विकण्याची जागा, तेथें शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना या निकालाचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु या निकालांत प्रतींना मोकळीक मिळाली. नांव गाळण्याला मिळालेली नाहीं. साने गुरुजींचेंच उदाहरण घ्या. कर्मभूमीनें ते आमच्या खानदेशचे. अमळनेरच्या शाळेंत त्यांनीं शिकविलें. त्यांचा देहान्त ११ जून १९५० रोजीं झाला, तेव्हां २०१० सालाबरोबर त्यांच्या पुस्तकांवरील मालकी संपली आणि १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीहि छापावी, कोणीहि संकेतस्थळावर ठेवावी अशी झाली. आतां ती कोणाची? मालकीच्या अर्थानें सर्वांची. पण ‘कोणाची’ या प्रश्नाचें एक दुसरें उत्तर आहे, आणि तें २०११ सालीं बदललें नाहीं, २१११ सालींहि बदलणार नाहीं. मालकी संपते, कर्तृत्व संपत नाहीं. कायद्यालाहि याची अंधुक जाणीव आहे. त्याच्या ५७ व्या कलमानें, सर्व हक्क विकून टाकल्यावरहि आपण कर्ते आहों असें सांगण्याचा आणि आपल्या कृतीचा विपर्यास होऊं न देण्याचा अधिकार लेखकाकडे ठेविला आहे. मात्र वाङ्मयचौर्य हा शब्द त्या सबंध कायद्यांत कोठेंहि नाहीं. चोरी पकडण्याचें काम त्यानें विद्वानांच्या आपसांतील लाजेवर सोडलें आहे.

ही लाज आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या शिकवणीनें आली असें समजणाऱ्यांनीं आपलेच जुने ग्रंथ चाळून पाहावे. ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटीं ज्ञानेश्वरांनीं भाष्यकारांचें ऋण मान्य केलें आहे. एकनाथांची नाममुद्रा ‘एका जनार्दनीं’ अशी आहे. म्हणजे आपलें नांव घालण्याच्या जागींच त्यांनीं गुरूचें नांव घालून ठेविलें. याच एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तींत कोणीं आपली ओवी घुसडूं नये असें निक्षून सांगितलें. ५७ व्या कलमाचा सगळा आशय त्यांत आहे, आणि त्यासाठीं त्यांना कोणत्याहि विधिमंडळाकडे जावें लागलें नाहीं. याहून जुनें आणि मला विशेष आवडणारें उदाहरण राजशेखराचें आहे. याचें घराणें महाराष्ट्रांतलें म्हणून सांगतात. त्यानें ‘काव्यमीमांसे’चीं तीन प्रकरणें, अकरा ते तेरा, ‘हरण’ या विषयालाच दिलीं आहेत: शब्द कोणते आणि कसे उचलले, अर्थ किती उचलला, कोणती उचल क्षम्य, कोणती निंद्य. उचलेगिरीकडे तो मोठ्या उदारपणें पाहतो. पण याच चर्चेंत आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत देण्याचा प्रसंग आला तेव्हां त्यानें तें तिचें नांव घेऊन दिलें. चोरीचें शास्त्र लिहितांना घरांतल्या माणसाचें मतहि ज्यानें आपल्या नांवावर खपविलें नाहीं, त्या माणसाची सूक्ष्म दृष्टि वाखाणण्यासारखी आहे. प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळींत ‘पत्नीच्या सहकार्याशिवाय’ एवढें लिहून मोकळे होणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीं हें ध्यानांत घ्यावें.

मग आजचा घोंटाळा कशांत आहे? माझ्या मतें, ऋण मोजण्याचें काम आपण यंत्राकडे दिलें त्यांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठीं नियम केले. प्रबंधांतील मजकूर इतरत्र असलेल्या मजकुराशीं दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाहीं. दहा ते चाळीस टक्के जुळला तर सहा महिन्यांच्या आंत सुधारून द्यावयाचा. चाळीस ते साठ टक्के जुळला तर वर्षभर प्रबंध सादर करतां येणार नाहीं. त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. लागोपाठ चौदा शब्दांपर्यंतचें सर्वसामान्य साम्य मोजूं नये, अशीहि सवलत आहे. हेतु चांगला आहे, आणि या नियमांनीं कांहीं लोकांची झोंप उडाली हें बरेंच झालें. पण त्यांचा परिणाम असा झाला आहे कीं, विद्यार्थी ‘हें मीं कोणाकडून घेतलें?’ असें विचारीनासा झाला. तो विचारतो, ‘किती टक्के आलें?’ वाक्यांतील शब्द फिरवून, कर्तरीचें कर्मणि करून, एखादा पर्याय शब्द घालून टक्के खालीं आणतां येतात. ऋण तेवढेंच राहतें, फक्त धनकोचा तोंडवळा बदलतो. शब्दांचें साम्य यंत्राला दिसतें. विचाराचें देणें दिसत नाहीं. आणि जें कधीं छापलेंच गेलें नाहीं, तें तर त्याच्या हिशेबांतच नसतें.

या शेवटच्या गोष्टीमुळेंच हा लेख लिहावयास घेतला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. त्याचा उत्तरेकडील भाग, म्हणजे अक्राणी आणि अक्कलकुवा, सातपुड्याच्या कुशींत आहे. तेथील भिल्ल, पावरा, वसावे, मावची या लोकांचें वाङ्मय, सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेपासून लग्नांतील आणि होळीच्या गाण्यांपर्यंत, बहुतेक सारें कंठगत आहे. अलीकडे त्यावर प्रबंध होऊं लागले, ही आनंदाची गोष्ट. हे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें चालविलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारांत जातात. त्या भांडाराचा परवाना उदार आहे: नांव द्या, व्यापार करूं नका, पुढें देतांना याच अटींवर द्या, मग खुशाल वापरा. ‘नांव द्या’ ही अट पहिली आहे. पण नांव कोणाचें? प्रबंधकाराचें.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका प्रबंधाचा परीक्षक म्हणून मी एका विद्यापीठांत गेलों होतों. मुलगा त्याच डोंगरांतला, हुशार आणि कष्टाळू. लग्नाचीं गाणीं त्यानें मोठ्या मेहनतीनें गोळा केलेलीं, अर्थहि चांगले लावलेले. साम्याचा अहवाल सहा टक्के. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा खंड, भाग, पृष्ठ, सर्व जागच्या जागीं. पण गाण्यांखालीं फक्त ‘स्थानिक महिला’ एवढेंच.

मीं विचारलें, “हीं गाणीं तुम्हांला कोणीं सांगितलीं?”

“सर, मोलगीकडच्या बाया आहेत. नांवं वहीत आहेत माझ्या.”

“मग प्रबंधांत कां नाहींत?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “सर, त्या पुस्तक नाहीत ना. संदर्भसूचीच्या नमुन्यात त्यांचा रकाना नाही.”

उत्तर अगदीं खरें होतें. लेखक, वर्ष, ग्रंथनाम, प्रकाशक, स्थळ, पृष्ठ. या सहा रकान्यांत न मावणारें माणूस आमच्या विद्वत्तेला दिसत नाहीं. सगळे नियम पाळले गेले होते, कोणाच्या मालकीला धक्का लागला नव्हता, यंत्र संतुष्ट होतें. आणि ज्यांच्यापासून सगळा प्रबंध आला त्यांचें ऋण मात्र पैचेंहि फिटलें नव्हतें.

ज्या ग्रिअर्सनचा आधार त्यानें दिला होता, तेथेंहि हीच कथा आहे. भाषापाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ सालीं निघाला. त्यांत भिल्ली बोली आणि खानदेशी आहे. तो सिद्ध करणारे स्टेन कोनो हे नॉर्वेचे पंडित. ग्रिअर्सनसाहेबांनीं त्यांचें श्रेय दडविलें नाहीं. परंतु नमुन्यांच्या माथ्यावर जिल्ह्याचें नांव आहे, बोलणाराचें नाहीं. मोल्सवर्थच्या कोशाचेंहि तसेंच. आज हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जगांत कोणालाहि फुकट पाहतां येतो, आणि त्याचा संदर्भ कसा द्यावा हेंहि ठरून गेलें आहे: मोल्सवर्थ, दुसरी आवृत्ति, मुंबई, १८५७. पण हा कोश ज्या शब्दसंग्रहावर उभा आहे तो जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृति शास्त्रीमंडळींच्या श्रमाचा. त्यांचा मराठी कोश १८२९ सालींच बाहेर पडला होता. ‘मोल्सवर्थमध्यें पाहा’ असें आम्ही दिवसांतून दहा वेळां म्हणतों. ‘क्रमवंतांच्या कोशांत पाहा’ असें म्हणणारा अद्याप भेटला नाहीं. एकदां संदर्भाचा सांचा तयार झाला म्हणजे त्यांतून गळलेलें नांव पुढें प्रत्येक पिढी बिनचूकपणें गाळीत जाते. संदर्भ अचूक असतो आणि अन्याय त्या अचूकपणासकट पुढें चालतो.

हें टाळतां येत नाहीं काय? येतें, आणि त्याचें उदाहरण आमच्या शेजारींच आहे. आमचीं महाविद्यालयें जळगांवच्या ज्या विद्यापीठाला जोडलेलीं आहेत, त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. बहिणाबाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, घरकामांत त्या ओव्या रचीत. त्या कागदावर उतरविल्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे एक आप्त यांनीं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजीं गेल्या. पुढें ती वही आचार्य अत्र्यांनीं पाहिली आणि १९५२ सालीं संग्रह प्रसिद्ध झाला. येथें क्षणभर थांबून विचार करण्यासारखें आहे. सोपानदेव स्वतः नांवाजलेले कवि होते. बाई निरक्षर, रचना बोलींतली, वही मुलाच्या हस्ताक्षरांतली. आईच्या कल्पना घेऊन त्यांनीं आपल्या नांवानें कविता छापल्या असत्या तर कोणतें न्यायालय त्यांना अडविणार होतें? आई गेलेली, वारस तेच. परवानगी मागावयाची तर स्वतःचीच. मालकीच्या बाजूनें सगळे दरवाजे उघडे होते. त्यांनीं पुस्तकावर आईचें नांव घातलें, आणि आपण लिहून घेणारे एवढेच राहिले. त्या संग्रहावरील मालकीची मुदत २०१२ सालाबरोबर सरली, तरी त्यांतल्या एका ओळीलाहि आज बहिणाबाईंखेरीज दुसऱ्याचें नांव लागत नाहीं. लिहून घेणारा आणि कर्ता यांतील भेद इतक्या स्वच्छपणें पाळल्याचें उदाहरण मला आमच्या विद्यापीठीय व्यवहारांत विरळाच आढळतें.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकतां येणार नाहीं. समाजशास्त्राचे लोक म्हणतात, माहिती देणाराचें नांव झांकणें हेंच संशोधकाचें कर्तव्य. नांव छापल्यानें त्या माणसाला गांवांत, घरांत, कचेरींत त्रास होण्याचा संभव असतो. कर्जबाजारीपणाची, रोगाची, विस्थापनाची हकीकत कोणीं सांगितली असेल तर हें अगदीं बरोबर आहे. पण गाणें म्हणजे साक्ष नव्हे. साक्षीदाराला लपवावें लागतें. गायिकेला लपविलें तर तिचें नुकसान होतें. आणि दोहोंतली सीमा कोठें आहे हें ठरविण्याचा अधिकार आमच्या समितीला नाहीं, त्या बाईला आहे. तिला विचारावें, हें इतकें सोपें आहे कीं, कोणत्याहि नियमावलींत तें घालण्याचें कोणाला सुचत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, गाणें तिचें नाहींच, सगळ्या जमातीचें आहे; मग एकटीचें नांव कां? यांत तथ्य आहे. परंतु ‘सर्वांचें आहे’ म्हणजे ‘कोणाचेंच नाहीं’ असा अर्थ आपण फार लवकर करून घेतों. येथें कायदा किती विचित्र आहे पाहा. आमच्याच नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. ती डाळ कोणा एका शेतकऱ्याची नाहीं, त्या मुलुखाची आहे, आणि त्या मुलुखाबाहेरच्या मालाला तें नांव लावतां येत नाहीं, हें १९९९ च्या कायद्यानें मान्य केलें. म्हणजे डाळीच्या बाबतींत सामुदायिक हक्क कसा असतो हें सरकारला समजतें. गाण्याच्या बाबतींत मात्र ग्रंथस्वामित्वाचा कायदा विचारतो, कर्ता कोण, तो मेला केव्हां? ज्या रचनेला कर्ता माहीत नाहीं आणि जी शेंकडों वर्षें चालत आली, ती त्याच्या दृष्टीनें उघडें रान. गंमत अशी कीं, ती गाणाऱ्या बाईला तिच्या गायनापुरता कलावंत म्हणून हक्क १९९४ च्या दुरुस्तीनें मिळाला आहे आणि २०१२ पासून कलावंत म्हणून ओळखलें जाण्याचाहि. पण हें तिला सांगणार कोण? मे २०२४ मध्यें जिनीव्हा येथें जगांतील राष्ट्रांनीं एक करार संमत केला. वनस्पति आणि जीव यांच्या जनुकीय संपत्तीविषयींच्या परंपरागत ज्ञानावर आधारलेलें पेटंट मागणारानें तें ज्ञान कोणत्या लोकांकडून घेतलें हें उघड करावें, असें त्यांत आहे. म्हणजे औषधाच्या मुळीसाठीं तरी संदर्भ देण्याचा नियम झाला. तोच न्याय गाण्याला लावण्यास हरकत काय, हें मला कळत नाहीं.

आणि आतां प्रश्न विचारतांच अस्खलित उत्तर देणारीं नवीं यंत्रें आलीं आहेत. लाखों लोकांचें लिखाण पोटांत घालून तीं बोलतात. हें अमुकाकडून घेतलें असें सांगण्याची संवय त्यांना फारशी नाहीं. त्यांच्या मालकांवर मालकीहक्काचे दावे देशोदेशीं चालू आहेत आणि निकाल लागतील तसे लागतील. पण मोबदल्याची रक्कम ठरली म्हणजे प्रश्न संपला असें होणार नाहीं. मोबदला मालकाला मिळेल, आणि मालक नसलेल्या धनकोंची रांग दाराबाहेर तशीच उभी राहील. शिवाय संदर्भ हा केवळ धनकोच्या समाधानासाठीं नसतो. ती वाचकाला मागें नेणारी वाट असते. गाण्याखालीं गायिका, पाडा आणि दिवस लिहिलेला असेल तर उद्यां दुसरा कोणी तेथें जाऊन, तुमचा अर्थ चुकला, या शब्दाचा आमच्याकडे असा अर्थ नाहीं, असें ऐकून येईल. ‘स्थानिक महिला’ या दोन शब्दांनीं ती वाट बुजते, आणि मग प्रबंधकार म्हणेल तेंच खरें.

२९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला आधार क्रमांक शहादे तालुक्यांतील टेंभली या गांवीं देण्यांत आला. माणसाला क्रमांक देण्याची सुरुवात ज्या जिल्ह्यांतून झाली, तेथील गाण्यांना नांव मिळण्याची सुरुवातहि तेथूनच व्हावयास हरकत नाहीं. त्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मार्गदर्शकानें आपल्या विद्यार्थ्याला एक परिशिष्ट जोडावयास सांगितलें तरी पुरे. वर सांगितलेल्या प्रबंधाची अंतिम प्रत जावयास अवकाश होता, तेव्हां त्या मुलानें तें केलें. वही घेऊन तो पुन्हा पाड्यापाड्यांवर गेला आणि प्रत्येकीला विचारून आला. बहुतेकींनीं हंसून होकार दिला. एकीनें साफ नाहीं म्हटलें. तिच्या गाण्याखालीं फक्त पाड्याचें नांव आहे. एक म्हातारी म्हणाली कीं, माझें नांव कशाला, हें गाणें माझ्या आईचें, तिचें लिही. आई वारून कित्येक वर्षें झालीं होतीं. परिशिष्टांत तिचें नांव आहे. भांडाराच्या अर्जांत आडनांव आधीं लिहावें लागतें, म्हणून त्या मुलानें तें पुन्हा विचारलें तेव्हां म्हातारीला तें आठवेना.